पार्सल परदेशातून, बिल दारात!

परदेशात असलेल्या लेकीने, भावाने किंवा मित्राने प्रेमाने एखादे पार्सल पाठवावे आणि ते हातात पडण्याआधी कुरियरवाल्याने दारात उभे राहून दोन-अडीच हजारांची मागणी करावी, हा अनुभव आता फक्त श्रीमंतांच्या बंगल्यांपुरता राहिलेला नाही. वस्त्या-वस्त्यांतली आपली मुले आज लंडनमध्ये शिकत आहेत, आखाती देशांतल्या रुग्णालयांत नर्स म्हणून राबत आहेत, अमेरिकेत संगणकावर काम करीत आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती यांमुळे ज्यांच्या सात पिढ्यांनी विमान जवळून पाहिले नव्हते, त्यांच्या घरी परदेशातून खोके येऊ लागले आहेत. खोके आले त्याबरोबर बिलही आले. ते बिल नेमके कशाचे, कोणाचे आणि ते भरलेच पाहिजे का, हे मात्र कोणीही समजावून सांगत नाही. आपला माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत शोभा नको म्हणून पैसे देऊन मोकळा होतो. नेमक्या याच संकोचावर अनेकांचा धंदा चालतो.

पहिली गोष्ट स्पष्ट करू. दारात येणारे बिल दिसायला एक असले तरी त्यात दोन वेगवेगळ्या रकमा असतात. एक रक्कम सरकारची, म्हणजे सीमाशुल्क आणि त्यावरचा आयजीएसटी. दुसरी रक्कम कुरियर कंपनीची. आम्ही तुमच्या वतीने सरकारला आगाऊ पैसे भरले, कागदपत्रे केली, म्हणून आमचा मोबदला द्या, अशी ती मागणी असते. कोणी तिला हाताळणी शुल्क म्हणतो, कोणी क्लिअरन्स चार्ज म्हणतो, कोणी आगाऊ भरणा शुल्क म्हणतो. यापैकी पहिली रक्कम कर आहे, दुसरी केवळ एका खाजगी कंपनीची फी आहे. या दोहोंचा कायदा वेगळा आणि त्यावर दाद मागण्याची जागाही वेगळी. परंतु कुरियरवाला दोन्ही एकत्र करून "कस्टमचे पैसे" एवढेच सांगतो. सरकारचे नाव ऐकले की सामान्य माणूस वाद घालत नाही, हे कंपनीला पक्के ठाऊक असते.

आता सरकारच्या रकमेकडे पाहू. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २६५ मध्ये साफ म्हटले आहे की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. बसवणे आणि वसूल करणे हे दोन्ही शब्द तेथे आहेत. म्हणजे कर कायदेशीर असला तरी त्याची वसुलीही कायद्यानेच झाली पाहिजे. सीमाशुल्क कायदा १९६२ चा आहे आणि दर ठरवणारा सीमाशुल्क टॅरिफ कायदा १९७५ चा. आयजीएसटीही याच टॅरिफ कायद्याच्या कलम ३(७) खाली लागतो. तो वस्तूच्या किमतीवर लागतोच, शिवाय सीमाशुल्क आणि अधिभार धरून होणाऱ्या बेरजेवर लागतो. म्हणजे कराच्या डोक्यावर कर! दर प्रत्येक अर्थसंकल्पात हलतात, म्हणून येथे दरांचा तक्ता देण्यात अर्थ नाही. हिशेबाची रीत मात्र प्रत्येकाने समजून घ्यावी.

समजा, वस्तूची किंमत ५,००० रुपये आहे आणि कुरियरचे विमानभाडे ३,००० रुपये. कर केवळ ५,००० वर लागत नाही, भाडे आणि विमा मिळवून जे मूल्य होते त्यावर लागतो. येथेच एक महत्त्वाची तरतूद आहे जी बहुतेकांना ठाऊक नसते. २००७ च्या सीमाशुल्क मूल्यांकन नियमांतील नियम १० प्रमाणे माल विमानाने आला असेल तर मूल्यात धरायचे भाडे वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे ३,००० नव्हे, फक्त १,००० रुपये. विम्याचा खर्च समजत नसेल तर तो १.१२५ टक्के धरतात, म्हणजे सुमारे ५६ रुपये. करपात्र मूल्य झाले ६,०५६. आता केवळ उदाहरणादाखल सीमाशुल्क १० टक्के, त्यावर अधिभार १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरा. एकूण कर १,८७६ रुपयांच्या आसपास येतो. हाच हिशेब पूर्ण ३,००० भाडे धरून केला तर कर जवळजवळ २,५०० रुपये होतो. सहाशे-सव्वासहाशे रुपयांचा फरक! वर्तुळाबाहेरच्या माणसाला हा फरक दिसत नाही, कारण त्याच्या हाती हिशेबच दिला जात नाही.

हा हिशेब ज्या कागदावर असतो त्याला बिल ऑफ एन्ट्री म्हणतात. कुरियरने आलेल्या मालासाठी ते कुरियर कंपनीच, तुमच्या नावाने, सीमाशुल्क खात्याकडे संगणकावर दाखल करते. वस्तू कोणत्या वर्गात घातली, मूल्य काय धरले, परकीय चलनाचा कोणता दर लावला, हे सगळे त्यात असते. तेव्हा दारात पैसे मागणाऱ्याला पहिला प्रश्न एकच विचारायचा: बिल ऑफ एन्ट्रीची प्रत कुठे आहे? तुमच्या नावाने भरलेल्या कराचा कागद मागणे हा तुमचा हक्क आहे, त्यात कोणाच्या मेहेरबानीचा प्रश्न नाही.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. एस. टी. महामंडळातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ. मुलगा इंग्लंडात शिष्यवृत्तीवर शिकला. अभ्यासक्रम संपल्यावर त्याने आपली वापरलेली पुस्तके आणि थोडे गरम कपडे एका कुरियरने घरी पाठवले. वडिलांनी दारात मागितले तेवढे पैसे शेजाऱ्याकडून उसने घेऊन भरले. तीन महिन्यांनी मुलाने विचारले तेव्हा ते कागद घेऊन माझ्याकडे आले. पत्र पाठवून प्रत मागवली, तर पुस्तके आणि कपडे एकाच ओळीत, एकाच वर्णनाखाली, कपड्यांच्या दराने धरलेले! वास्तविक छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. २०१९ च्या अर्थसंकल्पाने आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क बसवले, ज्ञानावर बसवलेल्या त्या कराबद्दल स्वतंत्रपणे लिहावे लागेल, परंतु कपडे आणि पुस्तके एक नव्हेत हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरीही कराचा भाग परत मिळवणे कठीण होऊन बसले, कारण तोवर मुदत उलटली होती.

ही मुदत प्रत्येकाने लक्षात ठेवावी. कर-आकारणीविरुद्ध सीमाशुल्क आयुक्त (अपील) यांच्याकडे कलम १२८ खाली ६० दिवसांत अपील करावे लागते. सबळ कारण दाखवले तर आणखी ३० दिवस, त्यापुढे नाही. पुष्कळांना वाटते की कलम २७ खाली एका वर्षात परताव्याचा अर्ज करता येतो, मग घाई कशाला? परंतु सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये आयटीसी प्रकरणात ठरवून दिले की मूळ आकारणी अपिलात किंवा कायद्याच्या अन्य मार्गाने बदलून घेतल्याशिवाय परताव्याचा दावा टिकत नाही. म्हणजे आधी आकारणी बदलून घ्या, मग परतावा मागा. ६० दिवसांचे घड्याळ तुम्हाला कोणी दाखवत नाही, पण ते चालू असते.

आता दुसरी रक्कम, कुरियरची फी. येथे मूळ प्रश्न संमतीचा आहे. पाठवणारा तिकडे अर्ज भरतो तेव्हा त्यात एक चौकट असते: कर पाठवणारा भरणार की घेणारा? बहुतेक जण न वाचता घेणाऱ्यावर टाकतात. करार झाला पाठवणाऱ्याचा आणि कंपनीचा, बिल आले तिसऱ्याच माणसाला. कुरियर आयात-निर्यातीच्या २०१० च्या विनियमांत अधिकृत कुरियरने माल घेणाऱ्याकडून, आपण त्याचा एजंट म्हणून काम करू शकतो असे अधिकारपत्र घ्यावे, अशी अपेक्षा आहे. कमी मूल्याच्या पार्सलसाठी ते माल पोहोचवतानाही घेता येते. ही सवलत माल लवकर सुटावा म्हणून दिलेली. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा झाला की एजंटने काम आधी करायचे, फी स्वतः ठरवायची आणि संमतीची सही दारात, बिलाबरोबर घ्यायची. वकिलीच्या व्यवसायात अशी वकीलपत्रे आम्ही घेऊ लागलो तर बार कौन्सिल आम्हाला उभे करील!

याचा आणखी एक परिणाम होतो. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २३(२) प्रमाणे माल सोडण्याचा आदेश होण्यापूर्वी मालकाला त्या मालावरचा हक्क सोडून देता येतो आणि मग त्याला शुल्क भरावे लागत नाही. पाचशेच्या वस्तूवर हजाराचा खर्च येणार असेल तर शहाणा माणूस वस्तूच नको म्हणेल. पण त्याला विचारलेच नाही, कंपनीने परस्पर शुल्क भरून माल सोडवला, तर कायद्याने दिलेला हा पर्याय त्याच्या हातून आपोआप निसटतो.

दाद कुठे मागायची? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवा ज्याने विकत घेतली तोच ग्राहक असे नाही, त्याच्या संमतीने तिचा लाभ घेणाराही ग्राहक आहे. म्हणून पार्सल घेणाऱ्याला तक्रारीचा हक्क आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आणि सेवेचे मूल्य पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. आणखी एक बारकावा: कुरियरच्या फीवर जीएसटी लागेल, पण तुमच्या वतीने जसाच्या तसा भरलेल्या सीमाशुल्काच्या रकमेवर त्याने पुन्हा जीएसटी लावू नये. बिलात तसे दिसले तर लेखी हरकत घ्यावी. वर सांगितलेल्या प्रकरणात कराचे पैसे अडकले, परंतु नोटीस जाताच कंपनीने आपली फी परत केली. एका साध्या पत्राने हे होत असेल, तर ती फी मुळात किती न्याय्य होती?

आता कोणी म्हणेल, ही तर भेटवस्तू होती, भेटीवर कसला कर? पूर्वी ठराविक मूल्यापर्यंतच्या भेटी शुल्कमुक्त येत असत. काही ऑनलाइन व्यापाऱ्यांनी विक्रीचा माल भेट म्हणून दाखवून त्या सवलतीचा गैरवापर केला आणि १२ डिसेंबर २०१९ रोजी सरकारने भेट म्हणून सवलतीत माल आणण्याचा मार्गच बंद केला. अपवाद ठेवले दोन, जीवरक्षक औषधे आणि राखी. चोरी केली व्यापाऱ्यांनी, शिक्षा झाली आई-बापांना आणि लेकरांना.

याची सर्वांत क्रूर बाजू २०२१ च्या मे महिन्यात दिसली. माणसे प्राणवायूविना तडफडत असताना दिल्लीतील ८५ वर्षांच्या एका कोरोनाग्रस्त नागरिकाला त्याच्या पुतण्याने अमेरिकेतून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भेट पाठवला. त्यावर १२ टक्के आयजीएसटी मागण्यात आला. सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेमार्फत मोफत वाटपासाठी आलेल्या यंत्राला माफी, स्वतःच्या श्वासासाठी आलेल्या यंत्राला कर! दिल्ली उच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी ही आकारणी घटनाबाह्य ठरवली. अनुच्छेद १४ ची समता आणि अनुच्छेद २१ चा जीविताचा हक्क यांची त्या निकालाने आठवण दिली. १ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, पुढे जीएसटी परिषदेने तो दर ५ टक्क्यांवर आणला. निकाल कायम राहिला नाही, पण एका वृद्धाने विचारलेला प्रश्न कायम आहे.

हे दुखणे फक्त भारताचे नाही. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतच्या मालाची व्हॅटमाफी काढून टाकली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. भारतीय टपाल खात्याने त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, अमेरिकेची पार्सले थांबवली आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती. किती आयांचे चकली-चिवड्याचे डबे घरातच राहिले असतील!

कर घेऊ नका असे आमचे म्हणणे नाही. रस्ते, शाळा, दवाखाने करातूनच होतात आणि त्यांची गरज सर्वांत जास्त आपल्यालाच आहे. मागणी इतकीच आहे की पार्सल विमानतळावर उतरताच, माल सोडवण्यापूर्वी, घेणाऱ्याला कर किती, फी किती हे त्याच्या भाषेत कळवावे आणि हो-नाही म्हणण्याची संधी द्यावी. बिलाबरोबर बिल ऑफ एन्ट्रीची प्रत आणि अपिलाची मुदत छापून द्यावी. घरगुती भेटींसाठी, व्यापाऱ्यांना गैरवापर करता येणार नाही अशी वार्षिक मर्यादा घालून, सूट पुन्हा द्यावी.

आणि एक सावधगिरी. तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, या खात्यात ताबडतोब पैसे भरा, नाहीतर अटक होईल, असा फोन आला तर तो चोराचा आहे हे समजा. सीमाशुल्क खाते कोणाच्या खाजगी खात्यात पैसे मागत नाही. नोव्हेंबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर डिन नावाचा ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी दारात बिल आले तर आधी कागद मागा, तो वाचा, दोन रकमा वेगळ्या करा, न पटल्यास "हरकतीसह भरले" असे लिहून सही करा आणि साठ दिवस मोजायला लागा. आपल्या मुलांनी साता समुद्रापार जाऊन पदव्या मिळवल्या. त्यांनी पाठवलेल्या खोक्यावरचा कागद वाचण्याची हिंमत आपण घरी बसून नक्कीच दाखवू शकतो.