आधी भिंत, मग फळी

धनत्रयोदशीची रात्र होती. स्वयंपाकघरात चकलीचा शेवटचा घाणा निघत होता आणि दिवाणखान्यात आमची सहा वर्षांची कन्या भिंतीशी पाट मांडून रांगोळीच्या नमुन्यांत रंग भरीत बसली होती. आईने आतून हाक मारली, "बाळे, चकली खुसखुशीत झाली का ते सांग गं जरा!" पोर उठून आत गेली आणि मागे धडाड् असा आवाज झाला. शेजाऱ्यांना वाटले, यंदाचा पहिला सुतळी बॉम्ब आमच्याकडेच फुटला! बाहेर येऊन पाहतो तो भिंतीवरली पुस्तकांची फळी चारही स्क्रूंसकट खाली, आणि दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे जाडजूड खंड थेट त्या पाटावर! सौ. काही बोलली नाही. तिने मुलीला जवळ ओढले आणि माझ्याकडे नुसते पाहिले. मराठीचा प्राध्यापक असूनही त्या दृष्टीला मला उत्तर सुचले नाही.

सुचणार कसे? फळी मीच ठोकली होती. सपाट खोक्यात सुटे भाग आणि एक वाकडी किल्ली घेऊन येणारे हे सामान आता घरोघरी झाले आहे. स्वीडनच्या आयकिया कंपनीने १९५६ पासून ही पद्धत रुळवली. तिचे दुकान २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० मध्ये नवी मुंबईला आले. आता तर आपल्याकडचे कितीतरी कारखानदार असेच सामान विकतात. खोक्यातल्या कागदावर चित्रे असतात, त्याबरहुकूम जोडणी होते आणि गृहस्थाला आपण विश्वकर्माच असल्याचा भास होतो. पण त्या कागदात एक गोष्ट नसते : तुमची भिंत.

आमच्या जुन्या वाड्यात हा प्रश्नच नव्हता. हात हातभर जाडीच्या भिंती. त्यांच्या पोटातच कोनाडे आणि फडताळे. कपाट भिंतीला लटकत नसे, भिंतीच्या कुशीत बसत असे. पुढे विटांच्या भाड्याच्या घरात मी चार फळ्या मारल्या, त्या दहा वर्षे तसूभर हलल्या नाहीत. त्याच भरवशावर नव्या घरातही तेच ड्रिल, तोच स्क्रू!

भाऊबीज उलटल्यावर मिस्त्री आले. त्यांनी भोकात बोट घातले. पांढरी भुकटी भुरभुरली.

"सर, फळी चांगली, स्क्रू चांगला. पण तुम्ही भिंतीला विचारलंच नाही."

"म्हणजे?"

"ही विटेची नाही. सिपोरेक्स आहे."

मग दोन तास मी विद्यार्थी होतो. तो पाठ वाचकांपुढे ठेवतो.

भिंतीत भोक पाडून आपण जी गिट्टी बसवतो, तिला आपल्याकडचे वायरमन 'रावळ प्लग' म्हणतात. हे कोणा रावळ आडनावाच्या गृहस्थाचे काम असावे, असे मी कैक वर्षे समजत होतो! ते निघाले लंडनचे जॉन रॉलिंग्ज. त्यांनी १९११ च्या सुमारास ही युक्ती काढली, आणि १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी तिला नायलॉनचे रूप दिले. स्क्रू आत शिरला की गिट्टी फुगते आणि भोकाच्या कडांना घट्ट दाबते. म्हणजे भार पेलते ती भिंत. तीच मऊ असेल, तर बिचारी गिट्टी काय करणार?

भिंत ओळखण्याची खूण सोपी. आधी बोटाने वाजवून पहा, मग एक लहानसे भोक पाडून भुकटीचा रंग पहा. प्लास्टरची पहिली भुकटी करडी. तिच्यावर जाऊ नका. पुढे लाल आली तर वीट. हातोड्याची क्रिया चालू ठेवून भोक पाडावे. मात्र दोन विटांमधला सांधा टाळावा, आणि गिट्टी प्लास्टर ओलांडून पुरती विटेत जाऊ द्यावी. प्लास्टरच अर्धा इंच खाते, म्हणून आखूड स्क्रू कामाचा नाही.

भुकटी करडीच राहिली आणि ड्रिल पुढे सरकेना, तर काँक्रीट. नव्या उंच इमारतींत पुष्कळदा सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असतात. धरून ठेवायला याच्यासारखी भिंत नाही. पण आत सळई लागली तर तिच्याशी हट्ट न करता भोक बाजूला घ्यावे.

पांढुरकी, मऊ भुकटी आली आणि ड्रिल लोण्यातल्यासारखे शिरले, तर सिपोरेक्स. या ठोकळ्यांच्या पोटात हवेची असंख्य छिद्रे असतात, म्हणून ते हलके. हा शोधही मूळचा स्वीडनचाच. स्वीडनची फळी आणि स्वीडनचाच ठोकळा माझ्या घरी एकत्र आले आणि त्यांचे पटले नाही! इथे हातोडा बंद. गिट्टी खास याच ठोकळ्यांसाठी केलेली, लांब घ्यावी. भार जड असेल तर आरपार बोल्ट घालून पलीकडे पट्टी लावावी.

ठोकल्यावर पोकळ बोलणारी भिंत जिप्सम बोर्डाची. आत ठरावीक अंतरावर पत्र्याच्या पट्ट्या असतात. लोहचुंबक फिरवला की बोर्डाचे स्क्रू सापडतात, आणि त्यांच्या मागे पट्टी. स्क्रू तिच्यातच जावा. नुसत्या बोर्डाला फोटो टांगा, ग्रंथ नकोत. जुन्या दगडमातीच्या भिंतीत गिट्टी खिळखिळी होते. तिथे सिमेंटात लाकडी गुटका बसवून, तो चांगला वाळल्यावरच स्क्रू मारावा. ओल धरलेली भिंत मात्र आधी दुरुस्त करावी, फळीचे नंतर पहावे.

आणखी दोन पथ्ये. स्विचच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या वर भोक पाडू नये. आतून वायर किंवा पाइप गेलेला असतो. आणि टांगते कपाट मागच्या पातळ पाठीवर कधीच टांगू नये. सोबत आलेली लोखंडी पट्टी किंवा आतली जाड आडपट्टी हीच स्क्रूची जागा.

वजनाचाही हिशेब हवा. माझ्या तीन फुटी फळीवरचे ग्रंथ नंतर काट्यावर घातले, तर २५ किलोच्या वर भरले! शिवाय फळी नुसती खाली ओढीत नाही, पुढेही ओढते. हात लांब करून बादली धरली की खांदा भरून येतो, तसा वरचा स्क्रू उपटतो. म्हणून खोल फळीला उंच ब्रॅकेट हवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. उभे कपाट जमिनीवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मुले खण ओढतात, त्यांची शिडी करून चढतात आणि कपाट अंगावर येते. अशाच अपघातांत बालके दगावल्यावर जून २०१६ मध्ये आयकियाने एकट्या अमेरिकेतून सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटे परत बोलावली. भिंतीला बांधायची पट्टी त्या कपाटांसोबत येत असे. पुष्कळ घरांत ती बांधलीच गेली नव्हती. आपल्याकडेही ती पट्टी बहुधा खोक्यातच राहते, आणि खोके रद्दीवाल्याकडे जाते.

आमचे ग्रंथ आता जमिनीवर उभ्या राहणाऱ्या कपाटात आहेत. जड खंड खालच्या खणात, आणि कपाटाचा माथा दोन ठिकाणी भिंतीला जखडलेला. कन्येला मात्र नवा छंद लागला आहे. कोणाकडे फराळाला गेलो की ती आधी भिंतीवर टकटक करते आणि मोठ्याने निकाल सांगते, "बाबा, पोकळ!" यजमान जरा चमकतात, पण मी तिला रागे भरत नाही.

वाचकहो, घरातल्या उंच कपाटाला आज सहज हाताने पुढे ओढून पहा. ते हलले, तर फराळाचे ताट थोडे थांबू द्या. पट्टी आणि चार स्क्रू, अर्ध्या तासाचे काम आहे. दरवेळी चकली वेळेवर होईलच असे नाही.