दोन होड्यांमधली जाळी

पुण्याला समुद्र नाही. तेव्हा शिडाच्या होडीवरची जाळी कशी दुरुस्त करावी आणि कशी आवळून बांधावी, हे पुण्याहून सांगायला निघालेला हा कोण मास्तर, असे तुम्हांला वाटेल. वाटू द्या. ज्याच्या घरी सुंभाने विणलेली बाज आहे, त्याला या विषयातले निम्मे आधीच ठाऊक आहे. उरलेले निम्मे आपण पाहू.

शिवाय पुण्याला समुद्र नसला तरी खडकवासल्याचा जलाशय आहे. तिथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. शिडाच्या होड्यांत एक जात अशी की, तिला एक पोट नसून दोन असतात. दोन अरुंद, लांबट होड्या शेजारी शेजारी, मध्ये आडवे दांडे आणि दांड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ताणून बांधलेली जाळी. या होडीला इंग्रजीत कॅटमरान म्हणतात. शब्द मूळचा तामीळ, कट्टुमरम्, म्हणजे बांधलेले लाकूड. गंमत अशी की, तामीळ कोळ्यांचे कट्टुमरम् हा ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा. दोन अंगांच्या होडीला ते नाव परकीयांनी चिकटवले. दोन होड्या जोडून केलेल्या साधनाला नेमका शब्द आपल्या मराठीत आहे, तो म्हणजे सांगड. पोहायला शिकताना दोन सुके भोपळे जोडून बांधतात, तीही सांगडच. आज आपण शेती आणि शिक्षण यांची सांगड घालतो, तेव्हा नकळत होडीचीच भाषा बोलत असतो. कोकणात होडीच्या एका बाजूला दांड्यांवर बांधलेले लाकूड असते, ती उलांडी. तीही याच कुळातली.

दोन अंगे कशाला? भरलेल्या एस. टी. त उभे राहताना तुम्ही पाय फाकवता, तेवढ्यासाठीच. पाया रुंद झाला की कलंडणे अवघड. एकपोटी शिडाच्या होडीला उभे राहण्यासाठी बुडाशी जड वजन किंवा माणसांचा तोल लागतो. सांगडीला तिची रुंदीच सावरते. म्हणून ती हलकी आणि वेगवान. 1876 साली अमेरिकेत नॅथानिएल हेरशॉफ याने अशी एक होडी शर्यतीत उतरवून भल्याभल्यांना मागे टाकले होते.

आता मधली जागा. तिथे फळ्या का ठोकत नाहीत? एक हिशेब करा. जागा दोन मीटर रुंद आणि तीन मीटर लांब धरू. त्यावर लाट आली आणि दहा सेंटिमीटर पाणी साचले, तर ते झाले 0.6 घनमीटर, म्हणजे सहाशे किलो! दहा माणसे एकदम चढून बसल्यासारखे. जाळीतून पाणी गळून जाते, खालून लाट आदळली तर निम्मी वर निसटते, आणि वाराही आरपार जातो. या जाळीला ट्रॅम्पोलिन म्हणतात. उड्या मारायचा व्यायामाचा जो प्रकार 2000 साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये आला, त्याचेच नाव. परंतु होडीवर ती उड्यांसाठी नसते. लहान होडीवर माणसे तिच्यावरच बसतात. मोठ्या होडीवर ती नाकाकडच्या भागात असते, आणि शीड सावरायला माणूस ऐन वाऱ्यात, कधी काळोखात, तिच्यावर चालत जातो. ती पायाखाली फाटली तर माणूस दोन अंगांच्या मधल्या पाण्यात पडतो आणि होडी त्याच्या डोक्यावरून पुढे जाते. म्हणून या जाळीची हयगय चालत नाही.

जाळी आधी कुठे मरते? बहुतेक लोक मधोमध पाहतात. खरे दुखणे कडेला असते. कापड चांगले दिसते, पण शिवण गेलेली असते. कारण शिवणीचा दोरा बारीक, वर आलेला, आणि उन्हातले अतिनील किरण त्याला दिवसभर खात असतात. तपासायची रीत सोपी. शिवणीवर नखाने जोराने खरवडा. दोरा पिठासारखा झडला किंवा तुटला, तर ती शिवण गेली असे समजा. मग कडेच्या पितळी रिंगा पाहा, ताडपत्रीला असतात तशा. रिंग ओढली असता भोक लांबट झालेले दिसले, तर तिथले कापड सुटू लागले आहे. पितळी रिंग अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्याला घासत असेल तर खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते, तेही पाहा. शेवटी, बांधलेली दोरी जिथे जिथे वळते तिथे बोट फिरवून बघा. धारदार कोपऱ्यावर घासून ती अर्धी झालेली असते, आणि वरून दिसत नाही.

मधोमध लहान फाटले असेल तर ठिगळ चालते. ठिगळ भोकापेक्षा चारी बाजूंनी चार बोटे मोठे घ्यावे, त्याचे कोपरे गोल कापावेत (टोकदार कोपरा तिथूनच उसवतो) आणि दुहेरी शिवण घालावी. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती दोरा कुजतो. नायलॉन भिजले की सैलावते आणि उन्हापुढे पॉलिएस्टरइतके टिकत नाही. मात्र कडच फाटली असेल, तर ठिगळाच्या नादी लागू नये. सगळा ताण कडेवर असतो. तिथे काटकसर केली तर ती अंगाशी येते. नवी जाळी घालावी.

आता बांधणी. एकच लांब दोरी सगळ्या रिंगांतून नागमोडी ओवत नेण्याचा मोह होतो, आणि दिसतेही सुबक. पण एका जागी तुटली की सगळी बाजू सैल! म्हणून दर चार-पाच रिंगांनंतर गाठ मारून पुढे नवी दोरी घ्यावी. गाठ निरगाठ हवी, सुरगाठ नको. बांधायला मधून सुरुवात करावी, आणि एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला आवळत कोपऱ्यांकडे जावे. पहिल्याच फेरीत पुरते ताणू नये. नव्या बाजेचा सुंभ आठवड्याने सैल पडतो आणि पायथ्याची दोरी पुन्हा ओढावी लागते, तसेच इथे. पहिल्या फेरफटक्यानंतर पुन्हा आवळावे.

किती ताणावे? इथे शाळेतल्या गुरुजींसाठी एक प्रयोग देतो. दोन दणकट मुलांच्या हाती चार मीटर दोरीची टोके द्या, मधोमध पाण्याची बादली अडकवा आणि सांगा, दोरी अगदी सरळ करा. कितीही ओढोत, ती सरळ होणार नाही. कारण गणितात आहे. अशा दोरीच्या मध्यावर साठ किलोचा माणूस असेल आणि दोरी एक मीटर झोल खात असेल, तर तिच्यावरचा ताण सुमारे 60 किलो वजनाइतका. झोल वीस सेंटिमीटर असेल तर सुमारे 300. दहा सेंटिमीटर असेल तर 600! माणूस तोच, दोरी तीच. जाळीत हा भार अनेक धाग्यांवर वाटला जातो, पण नियम बदलत नाही. ढोलासारखी ताणलेली जाळी दोऱ्या, रिंगा आणि आडवे दांडे यांना पिळून काढते. फार सैल ठेवली तर लाटा तिला खालून थपडा मारतात. माणूस उभा राहिला की जाळी थोडी दबावी, पण पाण्याला टेकू नये, इतपत ताण पुरे.

नदीकाठच्या गावांना यातले काही उपयोगी पडेल. पुराच्या वेळी पिंपांचे आणि बांबूंचे तराफे घाईघाईने बांधले जातात. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून माणसे बुडाली. तिच्या कारणांत आपण शिरत नाही. पण पुराच्या पाण्यात माणसे ज्यावर बसतात ती वस्तू आधी कोरड्यावर तपासलेली असावी, एवढे तरी आपल्या हाती आहे. पिंपे दोन रांगांत, एकमेकांपासून लांब ठेवावीत. एका ढिगात नव्हे. प्रत्येक पिंपाची बांधणी स्वतंत्र असावी. दोरी पत्र्याच्या कडेवर घासत असेल तिथे गोणपाटाची घडी घालावी. नायलॉनच्या दोरीचे टोक कापल्यावर विस्तवाने वितळवून घ्यावे, नाहीतर ती उसवत जाते. आणि तराफा पूर येण्यापूर्वी, उन्हाळ्यातच, गावच्या तळ्यावर माणसे बसवून पाहावा. दुसऱ्या दिवशी सगळ्या गाठी पुन्हा हाताने चाचपाव्यात.

काम संपले की होडीवरची जाळी गोड्या पाण्याने धुवावी, म्हणजे मिठाचे खडे धाग्यांत राहून ते कापत नाहीत. होडी काठावर उभी असेल तेवढे दिवस जाळीवर एखादी जुनी ताडपत्री टाकून ठेवावी.