मिस्साआधीचा एक तास

भिलाईत कुणी स्टील प्लांटची रात्रपाळी संपवून थेट चर्चला येतो, तर कुणाची मुलांना आवरता आवरता धावपळ होते. मग मनाची तयारी कधी करायची?

ख्रिस्तप्रसाद घेण्याआधीचा एक तासाचा उपवास त्याचसाठी आहे. पूर्वी हा उपवास मध्यरात्रीपासून असे. १९५७ मध्ये तो तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी एक तासावर आणला. पाणी आणि औषध चालते. वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना सूट आहे.

पण नुसते पोट रिकामे ठेवून भागत नाही. त्या तासात मोबाइल बाजूला ठेवा, त्या दिवसाचे शुभवर्तमान वाचा. घरात कुणाशी अबोला असेल तर निघण्याआधी दोन शब्द बोला. वेदीपुढे जाण्याआधी भावाशी समेट करा, असे येशूनेच सांगितले आहे.