टॅब्लेटची निवड : काम, खर्च आणि वापराची वर्षे

टॅब्लेट संगणक हे स्मार्टफोन आणि लॅपटॉप यांच्या मधल्या जागेतले उपकरण आहे आणि त्याच्या निवडीत होणारा बहुतेक गोंधळ या मधल्या जागेमुळेच निर्माण होतो. फोन कशासाठी घ्यायचा हे कोणाला सांगावे लागत नाही, लॅपटॉपचे कामही बहुधा ठरलेले असते. टॅब्लेट मात्र एका घरात पाठ्यपुस्तके वाचण्यासाठी, दुसऱ्या घरात चित्रे काढण्यासाठी आणि तिसऱ्या घरात परगावी राहणाऱ्या मुलांशी व्हिडिओ कॉलवर बोलण्यासाठी घेतला जातो आणि या तिन्ही कामांना लागणारे उपकरण सारखे नसते. त्यामुळे काम कोणते, ते कोण करणार, कोठे करणार आणि किती वर्षे करणार, या चार प्रश्नांची उत्तरे आधी ठरवली, तरच जाहिरातीतील आकड्यांना काही अर्थ प्राप्त होतो.

या उपकरणाचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ अ‍ॅलन के यांनी १९७२ साली ‘डायनाबुक’ या नावाने वहीएवढ्या वैयक्तिक संगणकाची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यापुढे मुलांचे शिकणे हा स्पष्ट हेतू होता. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये टॅब्लेटसाठी विंडोजची वेगळी आवृत्ती आणली. पण ती मुळात पेनाने चालवायची संगणकप्रणाली असल्याने आणि उपकरणेही जड व महाग असल्याने घरोघरी पोहोचली नाही. अ‍ॅपलने २०१० मध्ये आयपॅड बाजारात आणला आणि बोटांच्या स्पर्शाने चालणारा टॅब्लेट सर्वसामान्यांच्या परिचयाचा झाला. भारतात ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ या टॅब्लेटचे अनावरण केले. त्याची सरकारी किंमत सुमारे २,२५० रुपये होती. परंतु त्यात ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि ‘रेझिस्टिव्ह’ स्क्रीन होती, म्हणजे बोटाच्या दाबाने दोन पातळ थर एकमेकांना टेकल्यावरच स्पर्श ओळखणारी स्क्रीन. स्मार्टफोनमध्ये रूढ झालेली ‘कपॅसिटिव्ह’ स्क्रीन बोटातील विद्युतभारामुळे होणारा सूक्ष्म बदल टिपते, त्यामुळे तिला दाब लागत नाही. आयआयटी मुंबईच्या सहभागाने नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या ‘आकाश २’ मध्ये ही कपॅसिटिव्ह स्क्रीन आणि अधिक वेगवान प्रोसेसर देण्यात आला. किंमत कितीही कमी केली तरी ज्या कामासाठी उपकरण घ्यायचे ते काम त्यावर सुखाने होत नसेल, तर ती बचत निरुपयोगी ठरते, हा धडा या उपक्रमातून मिळतो आणि आजच्या ग्राहकालाही तो तितकाच लागू आहे.

स्क्रीन : निवडीचा पाया

प्रोसेसरची नावे वर्षागणिक बदलतात, पण टॅब्लेटचा उपयोग शेवटी स्क्रीनवरच होत असल्याने तिचा आकार आणि स्पष्टता यांचा विचार सर्वप्रथम करणे योग्य ठरते. स्क्रीनचा आकार इंचांत आणि कर्णाच्या लांबीने सांगितला जातो. पण त्याच कर्णाच्या दोन स्क्रीनची रुंदी वेगवेगळी असू शकते. बहुतेक अँड्रॉइड टॅब्लेटमध्ये लांबी-रुंदीचे प्रमाण १६:१० किंवा त्याच्या जवळपास असते, तर बहुतेक आयपॅडमध्ये ते ४:३ च्या जवळ असते. ए-४ आकाराच्या कागदावरचा मजकूर उभ्या धरलेल्या ११ इंची ४:३ स्क्रीनवर मूळ आकाराच्या सुमारे ७५ टक्के दिसतो, १६:१० स्क्रीनवर सुमारे ७० टक्के, आणि ८ इंची १६:१० स्क्रीनवर जेमतेम निम्मा. म्हणजे १२ पॉइंटमध्ये छापलेले अक्षर आठ इंची टॅब्लेटवर ६ पॉइंटचे होते आणि वाचणाऱ्याला प्रत्येक पान बोटांनी मोठे करून सरकवत राहावे लागते. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे विद्यार्थी, पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ वाचणारे शिक्षक आणि याचिका चाळणारे वकील यांच्यासाठी म्हणूनच साडेदहा ते अकरा इंच हा किमान सोयीचा आकार आहे. चित्रपट पाहणाऱ्याला मात्र १६:१० ची रुंद स्क्रीन अधिक चांगली, कारण ४:३ स्क्रीनवर चित्राच्या वर आणि खाली काळे पट्टे मोठे राहतात. हातात धरून कथा-कादंबऱ्या वाचायच्या असतील किंवा प्रवासात सोबत न्यायचा असेल, तर आठ-नऊ इंची हलका टॅब्लेटच बरा.

आकारानंतर स्पष्टतेचा प्रश्न येतो. स्क्रीनवरील चित्र ज्या सूक्ष्म ठिपक्यांनी बनते त्यांना पिक्सेल म्हणतात आणि एका इंचात असे किती ठिपके आहेत यावर अक्षरांची रेखीवता अवलंबून असते. दहा इंची स्क्रीनवर १२८० × ८०० पिक्सेल असतील तर इंचाला सुमारे १५० ठिपके येतात. १९२० × १२०० असतील तर सुमारे २२५. देवनागरीत रेषेच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, अशी लहान चिन्हे दाटीने येत असल्याने हा फरक मराठी वाचताना ठळकपणे जाणवतो. तेव्हा वाचनासाठी टॅब्लेट घेताना १९२० × १२०० पेक्षा कमी रेझोल्यूशन स्वीकारू नये. स्क्रीनची प्रकाशमानता ‘निट’ या एककात मोजतात. घरात ३०० ते ४०० निट पुरेसे असतात, उघड्यावर काम करणाऱ्याला मात्र त्याहून बरीच जास्त प्रकाशमानता लागते.

चित्रपट आणि मालिका हाच मुख्य हेतू असेल तर आणखी एक तपशील पाहणे आवश्यक आहे. अँड्रॉइडमध्ये ‘वाइडवाइन’ नावाची चित्रफितींच्या संरक्षणाची व्यवस्था असते. तिचा ‘एल-१’ हा स्तर नसलेल्या स्वस्त टॅब्लेटवर नेटफ्लिक्ससारख्या सेवा उच्च दर्जाचे चित्र दाखवत नाहीत, मग स्क्रीन कितीही चांगली असो.

रॅम, स्टोरेज आणि त्यांमागचे दावे

एका वेळी उघडी असलेली अ‍ॅप ज्या तात्पुरत्या स्मृतीत चालतात ती रॅम, आणि अ‍ॅप, पुस्तके, छायाचित्रे कायम साठवली जातात ते स्टोरेज. वाचन आणि व्हिडिओ कॉल यांसाठी ४ जीबी रॅम कशीबशी पुरते. एका बाजूला वर्ग आणि दुसऱ्या बाजूला वही उघडी ठेवायची असेल तर ६ ते ८ जीबी हवी. काही कंपन्या ‘४ जीबी + ४ जीबी’ अशी जाहिरात करतात, तेव्हा दुसरा आकडा ‘व्हर्च्युअल रॅम’चा, म्हणजे रॅमसारख्या वापरलेल्या स्टोरेजचा असतो, स्टोरेज रॅमहून फार संथ असल्याने या दोन आकड्यांची बेरीज खरी मानू नये. स्टोरेजमध्येही ‘ईएमएमसी’ आणि ‘यूएफएस’ असे दोन प्रकार आढळतात. त्यांपैकी दुसरा बराच वेगवान असतो आणि अ‍ॅप उघडायला लागणारा वेळ त्यामुळे कमी होतो. ६४ जीबी स्टोरेजपैकी मोठा भाग मूळ प्रणालीच व्यापत असल्याने आज १२८ जीबी ही समंजस किमान मर्यादा आहे. अनेक अँड्रॉइड टॅब्लेटमध्ये मेमरी कार्ड घालता येते, आयपॅडमध्ये मात्र त्याची सोय नसते. त्यामुळे आयपॅड घेताना स्टोरेजचा निर्णय खरेदीच्या वेळीच पक्का करावा लागतो.

प्रणाली, अपडेट आणि मराठी

टॅब्लेट चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला कार्यप्रणाली म्हणतात. अँड्रॉइड, आयपॅडओएस आणि विंडोज या तीन प्रमुख. अँड्रॉइडमध्ये सर्व किमतींचे पर्याय मिळतात. आयपॅडओएसमध्ये चित्रकला, संगीत आणि टिपणांसाठी उत्तम अ‍ॅप आहेत. विंडोज टॅब्लेट हा खरे तर कीबोर्ड वेगळा करता येणारा लॅपटॉप असतो. मराठीत काम करणाऱ्यांना यात एक अडचण ठाऊक असायला हवी. युनिकोडमधील मराठी तिन्ही प्रणालींवर नीट दिसते, तिचा कीबोर्डही मिळतो. परंतु युनिकोडपूर्व काळातील जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली तो फॉन्ट नसलेल्या टॅब्लेटवर निरर्थक चिन्हांच्या रूपात उघडतात आणि श्रीलिपीसारखी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत. मुद्रण, प्रकाशन किंवा जुन्या दस्तऐवजांशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांनी अँड्रॉइड टॅब्लेट किंवा आयपॅड हे जोडीचे साधन मानावे, मुख्य नव्हे.

खरेदीच्या वेळी सर्वांत दुर्लक्षित राहणारा मुद्दा अपडेटचा. कंपनी नव्या आवृत्त्या आणि सुरक्षेतील त्रुटी दूर करणाऱ्या दुरुस्त्या किती वर्षे देणार आहे, यावर टॅब्लेटचे उपयुक्त आयुष्य ठरते, कारण प्रणाली जुनी झाली की बँकेची आणि इतर महत्त्वाची अ‍ॅप हळूहळू चालेनाशी होतात, जरी स्क्रीन आणि बॅटरी शाबूत असल्या तरी. सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी टॅब एस-१० मालिकेसाठी सात वर्षांच्या अपडेटची घोषणा केली. २०१८ साली आलेल्या सहाव्या पिढीच्या आयपॅडला २०२३ मधील आयपॅडओएस १७ ही आवृत्ती मिळाली. याउलट कमी किमतीच्या कित्येक टॅब्लेटना एखादी-दुसरीच मोठी अपडेट मिळते. विक्रेत्याला हा प्रश्न थेट विचारावा आणि उत्तर कंपनीच्या अधिकृत माहितीशी पडताळून पाहावे.

जोडणी, बॅटरी आणि पेन

केवळ वाय-फायवर चालणारा टॅब्लेट सिमकार्डाची सोय असलेल्या टॅब्लेटपेक्षा स्वस्त असतो आणि घरात वाय-फाय किंवा हाताशी फोनचा हॉटस्पॉट असेल तर तो पुरतो. शेतकऱ्यासाठी मात्र गणित वेगळे आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून राज्यभर राबवल्या जाणाऱ्या ई-पीक पाहणीसारख्या कामात शेतातूनच स्थाननिश्चितीसह छायाचित्र द्यावे लागते. अशा वेळी सिमकार्ड, जीपीएस आणि बरा मागील कॅमेरा, तिन्ही हवेत. केवळ वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

बॅटरीची क्षमता मिलिअँपिअर-तासांत छापतात. तिला व्होल्टेजने गुणून हजाराने भागले की वॉट-तास मिळतात आणि दोन टॅब्लेटची खरी तुलना याच एककात होते. ८,००० मिलिअँपिअर-तास आणि ३.८५ व्होल्ट म्हणजे सुमारे ३१ वॉट-तास. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर क्षीण होते, म्हणून उन्हात तापलेल्या गाडीत टॅब्लेट ठेवणे टाळावे.

लेखनासाठी टॅब्लेट घेणाऱ्याने पेनाचा प्रकार तपासावा. रबरी टोकाचे साधे पेन कोणत्याही कपॅसिटिव्ह स्क्रीनवर बोटासारखेच चालते. सक्रिय पेन मात्र बहुधा दाबानुसार रेषा जाड-बारीक करते आणि टॅब्लेट त्याला वेगळे ओळखत असल्याने तळहात स्क्रीनवर टेकला तरी नको त्या रेषा उमटत नाहीत. प्रत्येक सक्रिय पेन प्रत्येक टॅब्लेटवर चालत नाही आणि अनेकदा ते वेगळे विकत घ्यावे लागते.

खर्चाचा हिशेब

दुकानातील किमतीत कव्हर, पेन, कीबोर्ड, मेमरी कार्ड आणि काही वेळा चार्जरही धरलेला नसतो; हे सर्व मिळवून होणारी रक्कम हीच खरी किंमत. तिला अपेक्षित वर्षांनी भागावे. दोन वर्षांत निकामी होणारा १२,००० रुपयांचा टॅब्लेट वर्षाला ६,००० रुपयांना पडतो, तर सहा वर्षे चालणारा ३०,००० रुपयांचा टॅब्लेट वर्षाला ५,००० रुपयांना. याचा अर्थ महाग वस्तू नेहमी परवडते असा मात्र नाही. आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलसाठी मोठी स्क्रीन, स्पष्ट आवाज आणि सोपी मांडणी पुरेशी असते. तेथे वेगवान प्रोसेसरवर केलेला खर्च वाया जातो. लहान मुलांसाठी मजबूत कव्हर आणि पालकांच्या नियंत्रणाची सोय महत्त्वाची. खर्चाची खरी गरज चित्रकार, संकलक आणि अनेक वर्षांच्या अभ्यासक्रमाला लागलेले विद्यार्थी यांना असते. हप्त्यांवर घेताना प्रक्रिया शुल्क आणि व्याज धरून एकूण रक्कम विचारावी, आणि हप्ते संपण्याआधी ज्याची अपडेट संपणार आहे असे उपकरण घेऊ नये.

भारतात विकले जाणारे टॅब्लेट भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली येतात. खोक्यावरील नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तपासता येतो आणि अनोळखी नावाच्या अतिस्वस्त उपकरणांच्या बाबतीत ही तपासणी अवश्य करावी. वापरलेला टॅब्लेट घेताना आधीच्या मालकाने आपले खाते त्यातून काढले आहे याची विक्रेत्यासमोरच खात्री करून घ्यावी, अन्यथा खात्याच्या कुलपामुळे उपकरण उघडतच नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी कंपनीचे सर्व्हिस सेंटर आहे का आणि स्क्रीन बदलण्याचा खर्च किती येतो, हेही आधीच विचारावे. जीएसटी क्रमांक असलेले बिल घ्यावे. वाद उद्भवल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

या सर्व विचाराचा शेवट टॅब्लेट न घेण्यातही होऊ शकतो. दिवसभर टायपिंग, हिशेब किंवा अक्षरजुळणी करणाऱ्याला त्याच पैशात साधा लॅपटॉप अधिक उपयोगी पडतो. केवळ पुस्तके वाचणाऱ्याला कागदासारखी दिसणारी, डोळ्यांवर प्रकाश न फेकणारी ई-इंक स्क्रीन असलेला ई-रीडर अधिक सुखावह ठरतो. मात्र वाचन, टिपणे, पाहणे आणि बोलणे ही कामे ज्यांना एकाच हलक्या उपकरणावर करायची आहेत, त्यांच्यासाठी टॅब्लेटला तोड नाही. अशा ग्राहकाने आधी काम आणि त्यानुसार स्क्रीन ठरवावी, मग अपडेटची वर्षे पाहावीत, नंतर रॅम व स्टोरेज आणि सर्वांत शेवटी किमतीतील सवलत. हा क्रम पाळला तर मध्यम बजेटमध्येही वर्षानुवर्षे साथ देणारे उपकरण मिळते, आणि सवलतीपासून सुरुवात केली तर मोठ्या बजेटमध्येही ते हुकण्याचा संभव राहतो.