खाऱ्या हवेत टिकणारा बिअरचा नळ

केगमधली बिअर ग्लासात उतरवणारे नळ मुख्यतः दोन प्रकारचे असतात. साध्या नळाची झडप मागे असते. ओतून झाल्यावर पुढच्या भागात उरलेली बिअर हवेने वाळते, झडप चिकटते आणि जंतू वाढतात. दुसऱ्या प्रकारात झडप तोंडाशी असते, त्यामुळे आतला भाग कोरडा पडत नाही. रोज न उघडणाऱ्या घरगुती केगला हाच प्रकार योग्य. फेस आवरण्यासाठी प्रवाह कमी-जास्त करणारी कळ असलेला नळही मिळतो.

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्यावर धातूची निवड तितकीच महत्त्वाची. दमट, खाऱ्या हवेत पितळी नळावरचा क्रोमचा मुलामा निघतो. मग आम्लधर्मी बिअर उघड्या पितळेला लागून धातूची चव येते. त्यापेक्षा 304 प्रतीचे स्टेनलेस स्टील बरे. 316 मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते खारेपणापुढे आणखी टिकते.

नळ पूर्ण सुटा होणारा आणि वॉशर बदलता येणारा असावा. केग संपताच तो धुवावा. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करता येत नाही, म्हणून घरी बिअर बनवणार असाल तर नळाआधी परवान्याचे पाहावे.