६५ वॅटचा प्रोसेसर खरंच ६५ वॅटच खातो का?

बेळगाव : दुकानासाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी नवा संगणक घ्यायला गेलं की दुकानदार हमखास सांगतो, 'हा ६५ वॅटचा प्रोसेसर आहे, लाईट बिलाची काळजी नको.' आकडा खोटा नसतो, पण अर्धाच असतो.

इंटेलचा कोअर आय-५ १४४०० आणि एएमडीचा रायझन ५ ७६०० हे दोन्ही कागदावर ६५ वॅटचे. प्रत्यक्षात जोराचं काम लागलं की पहिल्याला १४८ वॅटपर्यंत आणि दुसऱ्याला ८८ वॅटपर्यंत जायची मुभा आहे. आय-९ १४९००के तर १२५ वॅटचा म्हणवतो आणि २५३ वॅटपर्यंत चढतो. म्हणून माहितीपत्रकात खालचा नव्हे, कमाल वॅटचा आकडा विचारा. यूपीएस आणि पंखा त्यावरूनच ठरवायचा असतो.

एवढा फरक येतो तो मुख्यतः वेग आणि व्होल्टेजमुळे. भिंतीतून येणारे २३० व्होल्ट इथे मोजायचे नाहीत. एसएमपीएस त्याचे १२ व्होल्ट करतो आणि मदरबोर्ड त्यातून प्रोसेसरला जेमतेम एक-सव्वा व्होल्ट देतो. १.२ व्होल्टवर १२० वॅट म्हणजे तब्बल १०० अँपिअर! स्टॅबिलायझर लावून या आतल्या व्होल्टेजमध्ये काही फरक पडत नाही.

प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. व्होल्टेज १० टक्के वाढवलं तर त्याच वेगाला वीज २१ टक्के जास्त. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, दसादशे दहा दराने दोन वर्षांचं चक्रवाढ व्याज. आणि वेगाचा शेवटचा थोडासा टप्पा गाठायलाच सगळ्यात जास्त व्होल्टेज लागतं. जाहिरातीत मिरवायचा वेग नेमका तोच असतो.

एकाच मॉडेलच्या दोन चिपसुद्धा सारख्या नसतात. कारखान्यात प्रत्येक चिप तपासून तिला कुठल्या वेगाला किती व्होल्टेज लागेल ते तिच्यातच नोंदवलेलं असतं. त्यामुळे मित्राचा तोच प्रोसेसर थंड आणि तुमचा गरम, असं होऊ शकतं. त्यात दुकानदाराचा दोष नाही.

जादा व्होल्टेजने काय होतं ते २०२४ मध्ये दिसलं. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर, विशेषतः आय-९ आणि आय-७, अचानक बंद पडू लागले. चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती. ऑगस्टमध्ये कंपनीने १.५५ व्होल्टची मर्यादा घालणारं अपडेट दिलं आणि अशा मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच खराब झालेली चिप अपडेटने बरी होत नाही. त्याआधी २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या एक्स-थ्री-डी प्रोसेसरांपैकी काही जळाले, तेव्हा तिथेही एका व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा आली. सेकंडहँड मशीन घेणाऱ्यांनी म्हणूनच बायोस कधी अपडेट केलाय आणि वॉरंटी किती उरली आहे, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आता बिलाचं. १४८ आणि ८८ मधला फरक ६० वॅटचा. रोज आठ तास, महिन्याला २५ दिवस पूर्ण ताणाने चालवलं तर १२ युनिट होतात. पण टॅली, टायपिंग, जीएसटी रिटर्न अशा कामांत प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो, त्यामुळे तिथे हा फरक नगण्य. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या स्टुडिओत मात्र तो रोज जाणवेल, शिवाय खोली तापते ती वेगळीच.

अनेक मदरबोर्डच्या बायोसमध्ये वॅटची मर्यादा ठरवता येते. २५३ ची १२५ केली तरी वेग निम्मा होत नाही, त्यापेक्षा बराच कमी घटतो. मदरबोर्ड कंपन्या कधी कधी ही मर्यादा स्वतःहून सैल सोडतात, तेव्हा मशीन जोडून झाल्यावर दुकानातच ती तपासून घ्यावी. व्होल्टेज हाताने कमी करायचं असेल तर अगदी थोडं थोडं करावं, आणि प्रत्येक वेळी तासभर जड काम चालवून मशीन अडकत नाही ना ते पाहावं. वाढवायच्या फंदात मात्र पडू नका.