मुलांचा नायक कशाने टिकतो?

सप्टेंबर २०२५ मध्ये 'डीमन स्लेयर' या जपानी चित्रकथामालेवरील चित्रपट भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या हिंदी, तमिळ आणि तेलुगू आवृत्त्याही निघाल्या. मराठी आवृत्ती मात्र निघाली नाही. कोळसा विकून घराला हातभार लावणाऱ्या एका मुलाची ही कथा. ती पाहावयास मराठी मुले गेली नसतील असे कोणी मानू नये. ती गेली, आणि परक्या भाषेतून त्या मुलाच्या दुःखाशी समरस होऊन आली. या घटनेचा थोडा खोलात जाऊन विचार करावयास हवा.

तो विचार पिंपरी-चिंचवडइतका दुसऱ्या कोणत्या शहराला लागू पडत असेल असे वाटत नाही. भोसरी-आकुर्डीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात जपान हा आता दूरचा देश राहिलेला नाही. आकुर्डीच्या बजाजने कावासाकीच्या सहकार्याने मोटारसायकली बाजारात आणल्या, त्याला कित्येक वर्षे लोटली. ब्रिजस्टोनचा टायरचा कारखाना चाकणला आहे. 'कायझेन' आणि 'फाइव्ह एस' हे शब्द येथील कामगाराला पाठ असतात. वडिलांनी जपानकडून काम करण्याची रीत घेतली आणि मुलाने गोष्टी घेतल्या, इतकाच फरक. पण वडिलांच्या शिकण्याला आपण प्रगती म्हणतो आणि मुलाच्या वाचनाला खूळ म्हणून मोकळे होतो.

जपानी भाषेत चित्रकथेला 'मांगा' म्हणतात आणि 'शोनेन' म्हणजे किशोरवयीन मुलगा. या वयाच्या मुलांसाठी तेथे जी साप्ताहिके निघतात, त्यांतील 'शोनेन जंप' हे सर्वांत प्रसिद्ध. ते १९६८ साली सुरू झाले आणि १९९४ च्या अखेरीस त्याच्या एका अंकाच्या पासष्ट लाखांहून अधिक प्रती छापल्या जात होत्या. त्याच साप्ताहिकात १९९७ साली सुरू झालेली एइचिरो ओदा यांची 'वन पीस' ही माला अजून चालू आहे आणि तिच्या पुस्तकांच्या प्रतींनी २०२२ साली पन्नास कोटींचा आकडा ओलांडला. एवढे यश केवळ मारामारी, चमत्कार आणि भडक चित्रे यांच्या बळावर मिळते, हे स्पष्टीकरण सोपे असले तरी पुरे पडत नाही. मारामाऱ्या आणि चमत्कार बुडालेल्या शेकडो मालांतही होतेच. प्रश्न असा की, काही नायक दोन-दोन पिढ्या टिकतात आणि बाकीचे वर्षभरात विसरले जातात, ते का?

याचे पहिले उत्तर नायकाच्या घडणीत आहे. 'मैत्री, प्रयत्न, विजय' ही या साप्ताहिकाची त्रिसूत्री प्रसिद्ध आहे. तिच्यातील मधला शब्द सर्वांत महत्त्वाचा. टिकलेला नायक बहुधा आरंभी अडाणी, दुबळा किंवा टाकलेला असतो. 'नारुतो'चा नायक हा गावाने दूर लोटलेला अनाथ पोर आहे. 'स्लॅम डंक'चा नायक बास्केटबॉलच्या संघात शिरतो तेव्हा त्याला चेंडू धड हाताळता येत नाही; वाचकाच्या डोळ्यांदेखत, एकेक कौशल्य घासून घासून, तो खेळाडू होतो. विशेष म्हणजे या मालेचा शेवट अजिंक्यपदाने होत नाही. बलाढ्य संघाला हरविल्यानंतर पुढच्याच सामन्यात नायकाचा संघ पराभूत होतो. तरीही ती माला विसरली गेली नाही. कारण मुलांनी विजयापेक्षा त्यामागची वाढ मनात साठविली होती. एकदम मोठा झालेला नायक मुलाला दिपवितो, पण हळूहळू मोठा होणारा नायक त्याच्या बरोबरीने चालतो.

दुसरे उत्तर काळात आणि परिस्थितीत आहे. १९६६ ते १९७१ या काळात 'शोनेन मॅगझिन' या साप्ताहिकात 'क्योजिन नो होशी' ही बेसबॉलची कथा चालली. तिच्यातील बाप एके काळचा खेळाडू. युद्धाने त्याचा खेळ संपविला आणि तो आता रोजंदारीवर राबून मुलाला घडवितो आहे. त्याच साप्ताहिकात १९६८ साली सुरू झालेल्या 'अशिता नो जो'चा नायक गरीब वस्तीतला अनाथ मुष्टियोद्धा. त्याचा प्रतिस्पर्धी रिकिइशी कथेत मरण पावला, तेव्हा मार्च १९७० मध्ये शेकडो वाचकांनी जमून त्या काल्पनिक पात्राचे अंत्यविधी केले. हा वेडेपणा नव्हता. खेड्यांतून तरुण कारखान्यांकडे लोटत होते, घरे तुटत होती, कष्टाला फळ येईल की नाही याची चिंता घरोघर होती. अशा वेळी त्या मुलांना आपली गोष्ट कोणीतरी सांगत आहे असे वाटले.

आपल्याकडेही काही निराळे घडत नव्हते. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली; मागोमाग बजाज आणि टेल्को आल्या. १९७० साली येथे नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून आणि पुढे उत्तरेकडूनही माणसे येथे आली. पाळीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या बापाची, भाड्याच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलाची, चार जिल्ह्यांच्या बोली बोलणाऱ्या मित्रांची अशी केवढी तरी सामग्री येथे होती. पण तिच्यातून मुलांचा नायक जन्माला आला नाही.

मराठीत तसा नायक निर्माणच होऊ शकत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. भा. रा. भागवत यांचा 'फास्टर फेणे' डोळ्यांसमोर आहे. हडपसरजवळच्या फुरसुंगीचा बनेश फेणे हा किडकिडीत मुलगा. शिकावयास पुण्यात आलेला, सायकल दामटणारा, तोंडाने 'ट्टॉक' असा आवाज काढणारा. त्याच्याजवळ कोणतीही अद्भुत शक्ती नाही. चौकसपणा, धाडस आणि मित्र एवढेच त्याचे भांडवल. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कथा मराठीत आणल्या होत्या, त्यामुळे साहसकथा कशी बांधावी हे ते जाणत होते. पण त्यांनी फेणेला परदेशी वेष चढविला नाही. त्याच्यावरील पुस्तके वीसच्या आसपास भरतात. १९८० च्या दशकात तो दूरदर्शनवर आला आणि २०१७ साली, लेखकाच्या निधनाला सोळा वर्षे उलटून गेल्यावर, त्याच्यावर चित्रपट निघाला. आरंभी सांगितलेली कसोटी लावली तर हा नायक टिकला आहे, यात शंका नाही.

मग उणीव कोठे राहिली? ती लेखकाकडे नव्हती, व्यवस्थेकडे होती. 'शोनेन जंप'च्या अंकातच वाचकांसाठी पत्र असते. आवडलेल्या तीन कथा मुले त्यावर कळवितात आणि संपादक ते मत गंभीरपणे घेतात. ज्या कथेला मते पडत नाहीत ती दहा-पंधरा आठवड्यांतही बंद होते. जिला पडतात ती दहा-दहा वर्षे चालते. कारखान्यात मालाचा दोष जसा पुढल्या खेपेला दुरुस्त होतो, तसा येथे कथेचा दोष पुढल्या आठवड्यात दुरुस्त होऊ शकतो. फेणेला असे साप्ताहिक लाभले नाही. तो एका माणसाच्या लेखणीवर जगला, आणि ती लेखणी थांबल्यावर त्याचे वय, त्याचे पुणे, त्याची सायकल सारे तेथेच थांबले. आज त्याच्यावर सर्वांत अधिक प्रेम करणारे वाचक पन्नाशी ओलांडलेले असावेत, याचे कारण हेच.

उलट बाजूचे उदाहरणही महाराष्ट्राच्या भूमीवरचे आहे. वर उल्लेखिलेल्या 'क्योजिन नो होशी'चे भारतीय रूपांतर 'सूरज: द रायझिंग स्टार' या नावाने डिसेंबर २०१२ मध्ये हिंदी दूरचित्रवाणीवर आले. बेसबॉलचे क्रिकेट झाले, टोकियोची मुंबई झाली, नायक झोपडपट्टीतला झाला. अंगाला बांधावयाच्या स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूबा आल्या. जपानी उद्योगांचे अर्थसाहाय्य होते. तरी सव्वीस भागांनंतर त्या सूरजचे नाव मुलांच्या तोंडी राहिले नाही. आराखडा आयात झाला, पण वर्षानुवर्षे दर आठवड्याला वाट पाहणारा आणि उलट मत कळविणारा वाचकवर्ग आयात करता येत नाही. यंत्र आणले म्हणून कारागीर येत नाही, हे चाकणच्या कोणत्याही फोरमनला ठाऊक असते.

या जपानी पद्धतीचे दोषही नजरेआड करून चालणार नाही. दर आठवड्याच्या ओझ्याने चित्रकार झिजतात. 'हंटर बाय हंटर'चे कर्ते तोगाशी यांची माला पाठीच्या दुखण्यामुळे वारंवार थांबली आहे. मतांच्या मागे लागून कथा उगाच लांबविल्या जातात, हिंसेचा अतिरेकही होतो. मुलांना जे आवडते तेच द्यावे, हा न्याय शिक्षकांना मानवणार नाही आणि तो सर्वस्वी मानूही नये. परंतु आपली चूक नेमकी उलट टोकाची आहे. मुलांना काय आवडावे हे आपण मोठ्यांनी ठरवितो आणि त्यांचे मत कधी विचारतच नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निष्ठेने निघते आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण एका मासिकाने साऱ्या भाषेचा भार वाहावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. दैनिकांच्या रविवार पुरवण्यांनी एक पान दोन वर्षे एकाच चित्रकथेला द्यावे आणि मुलांची मते मागवून ती खरोखर मानावीत. शाळांनी ती मते गोळा करावीत. शिक्षकांनी त्यात सुधारणा करू नये. नायक मोरवाडीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकणारा असला तरी चालेल. त्याचा एक मित्र लातूरचा आणि एक बिहारचा असावा. पहिल्याच प्रसंगी त्याच्या हातून काम बिघडावे आणि पुढे शंभर भागांत त्याचा हात बसत जावा. पहिले दोन-तीन नायक पडतील. जपानातही असंख्य पडले. पण शोध तेथूनच सुरू होतो.

हे केले नाही तर मुले काही वाचावयाची थांबणार नाहीत. ती हिंदीतून, इंग्रजीतून वाचतील, पाहतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल. मराठी मात्र त्यांच्या लेखी परीक्षेची भाषा उरेल. ज्या भाषेत मूल पुढल्या आठवड्याची वाट पाहते, तीच त्याच्या मनाची भाषा होते. त्या वाट पाहण्याची सोय आपल्या भाषेत करावयाची की नाही, हा निर्णय मुलांचा नसून आपला आहे.